नऊ छापांनंतर

मी ठसा बोलतोय. कचेरीत कागदावर आपटतात तो रबरी शिक्का माझा दूरचा भाऊबंद. त्याच्यासारखा रुबाब माझ्याजवळ नाही. मी साध्या लाकडाचा, हातभर लांबीचा. माझ्या अंगावर एका बाईचा चेहरा कोरलेला आहे.

आधी मी कपाटाची फळी होतो. माझ्यावर धुतलेल्या चादरींच्या घड्या असत. कपाटाची मालकीण वारली, कपाट मोडीत निघालं, तेव्हा तिच्या थोरल्या मुलीनं एवढी एक फळी मागून घेतली. रंधा मारून, घासून घासून तिनं मला असं गुळगुळीत केलं की माशी बसली तरी घसरावी.

ही थोरली दवाखान्यात नर्स. सगळे तिला ताईच म्हणत. बुधवारी तिला सुट्टी. त्या दिवशी ती एका बंद पडलेल्या शिलाई दुकानाच्या वरच्या खोलीत यायची. तिथं चौघं-पाचजण जमत, लोक त्यांना ‘बुधवारवाले’ म्हणत. चित्रकला शिकवून निवृत्त झालेले मास्तर खिडकीपाशी रंगवत बसत. ताई टेबलावर लाकूड कोरून कागदावर छाप काढायची. आणि कोपऱ्यात चाकावर मातीची भांडी घडवायची ती ताईची सख्खी धाकटी बहीण. वर्षातून एकदा सगळे मिळून खालच्या रिकाम्या दुकानात प्रदर्शन मांडत. भिंतींवर चित्रं आणि छाप, मधल्या टेबलांवर भांडी.

दोघी बहिणी एकाच खोलीत, पण पाच वर्षं एकमेकींशी अवाक्षर नाही. खिडकी उघडायची झाली तरी ताई म्हणायची, “मास्तर, त्या बाईंना विचारा, वारा चालेल का.” आणि मास्तर बिचारे दोन पावलांवर बसलेल्या धाकटीला तेच पुन्हा विचारत.

कारण मला मास्तरांच्या तोंडून कळलं. कोणी नवीन सभासद आला की ते हळू आवाजात त्याला सांगून ठेवत. आई ताईकडे अंथरुणाला खिळलेली होती. एका सकाळी ताईनं धाकटीला फोन केला, आईचं आता काही खरं नाही, निघून ये. धाकटीची भट्टी नुकती पेटली होती. अर्ध्यावर सोडली तर महिनाभराच्या कामाची माती. संध्याकाळपर्यंत येते, असं ती म्हणाली. ती पोचली तेव्हा आई गेली होती. ताई दारातच तिला म्हणाली, “तुझी वाट बघत गेली ती.” त्यानंतर दोघींमध्ये शब्द नाही.

माझ्यावर ताईनं त्याच आईचा चेहरा कोरला. चार महिने लागले. ठशावर सगळं उलटं कोरावं लागतं, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. म्हणून ती आईचा फोटो आरशासमोर धरून आरशात बघायची आणि कोरायची. डोळ्यांपाशी आली की पटाशी खाली ठेवून उगाच हात पुसत बसायची.

एका दुपारी खोलीत कोणी नसताना धाकटी माझ्यापाशी आली. वाकून बराच वेळ बघत राहिली. “तीळ चुकला,” ती पुटपुटली, “आईचा तीळ उजवीकडे होता.” मग तिच्या लक्षात आलं की मी उलटा आहे. तिनं ओल्या मातीचा हात फडक्याला पुसला आणि माझ्या गालावरून एक बोट अलगद फिरवलं. जिन्यावर पावलं वाजली तशी ती चाकाकडे परतली.

ताईनं माझे नऊ छाप काढले. दहावा काढायचा नाही, हा तिचा नेम. ठरलेले छाप झाले की ती ठशावर आडवीतिडवी रेघ मारून टाकायची, म्हणजे पुन्हा कोणाला काढता येऊ नयेत. माझ्यावर मात्र ती रेघ मारायची राहिली होती. त्या वर्षी प्रदर्शनात माझ्या छापांपुढे लोक रेंगाळत होते. नऊच्या नऊ गेले. शेवटचा ताई स्वतःला ठेवणार होती, पण एक म्हातारे गृहस्थ त्याच्यासमोर उभे राहून रडले, आणि तिनं तो त्यांना देऊन टाकला.

पुढच्या बुधवारी मास्तर ताईजवळ आले. धाकटीला आईचा एक छाप हवाय, असं म्हणाले. धाकटी चाकापाशी पाठमोरी बसली होती. चाक थांबलेलं होतं.

“उरला नाही,” ताई म्हणाली.

“ठसा तर आहे ना? एक काढ. कोणाला कळणार आहे?”

“नऊ म्हणजे नऊ. तिला सांगा, उशीर झाला.”

मास्तरांना ते पुन्हा सांगावं लागलं नाही. ताईनं पटाशी उचलली आणि माझ्या कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच खोल चर पाडला. हात फक्त ओठांपाशी अडला, पण थांबला नाही. धाकटीनं मागं वळून पाहिलं नाही. मास्तरांनी चष्मा काढला.

महिन्याभरात धाकटीला दूरच्या गावी भांड्यांच्या कारखान्यात काम मिळालं. जायच्या दिवशी ती सकाळीच एकटी आली. मातीची जाड वडी लाटली आणि माझ्यावर पसरून तळहातांनी दाबली. गार, ओली माती माझ्या प्रत्येक खाचेत शिरली. तिनं ती जपून सोडवली, फडक्यात गुंडाळली आणि गेली.

ताईला माझ्या खाचांत वाळलेली माती दिसली ती बुधवारी. तिनं ब्रश घेतला, पण माती काढली नाही. दिवसभर मला मांडीवर घेऊन बसली.

पुढल्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मास्तरांच्या नावानं एक खोका आला. आत भाजलेल्या मातीची फरशी, तिच्यावर आईचा चेहरा. माझ्यात जो चर खोल होता तो तिथं उंच उमटला होता, जखम भरून आल्यासारखा. ताईनं तो बोटानं चाचपला. मग मास्तरांकडून धाकटीचा नवा नंबर घेतला आणि माझ्या टेबलापाशी उभी राहून फोन लावला.

“मी बोलतेय,” ती म्हणाली. “तुझी वाट बघत गेली, असं म्हटलं होतं मी. ती कोणाची वाट बघत होती मला माहीत नाही गं. मी तिथं नव्हतेच. तुला फोन करून मी ड्यूटीवर गेले होते. शेजारची बाई बसली होती तिच्यापाशी. तिचाही डोळा लागला होता.”

पलीकडून काय उत्तर आलं, मला ऐकू आलं नाही. ताई “हं” म्हणाली, पुन्हा एकदा “हं” म्हणाली, आणि फोन ठेवला.

त्याला आता दोन वर्षं झाली. धाकटी अजून आलेली नाही. मात्र दर वर्षी प्रदर्शनाआधी तिच्याकडून भांड्यांचा खोका येतो. चिठ्ठी नसते. ताई एकेक भांडं स्वतः सोडवते, फुंकर मारून पुसते आणि मांडते. मधल्या भिंतीवर ती फरशी असते. ती विकायची नाही.

मी वरच्या खोलीत फडताळात असतो. कधी आलात तर एक विनंती आहे. ही बाई कोण, आणि तिच्या चेहऱ्यावर ही रेघ कशी, असं ताईला विचारू नका. ती सांगते, सगळं खरं सांगते, पण मग दिवसभर तिचा हात चालत नाही. काय विचारायचं ते मला विचारा.