वादी कबीरमध्ये चिरलेला खांब

मी ग्रीसमधल्या एका देवळाच्या खांबाचा तुकडा बोलतोय. आता त्या तुकड्याचेही तुकडे झालेत.

संगमरवराच्या डोंगरातून काढून मला जात्यासारखं गोल घडवलं, अंगावर उभ्या पन्हळी कोरल्या. असे गोल एकावर एक चढवले की खांब उभा. मध्ये चुना नाही; पोटातल्या चौकोनी भोकात लाकडी खुंटी, बाकी सगळं वजनाच्या भरवशावर. आतली देवी मला कधी दिसली नाही. मी बाहेरच्या रांगेतला, समुद्राकडे तोंड करून उभा. भूकंपात छप्पर कोसळलं आणि मी गवतात पडलो. पूजा थांबली, तशी माणसं माझ्यावर बकऱ्या बांधू लागली.

पुढे एका हौशी श्रीमंताने मला गुपचूप मस्कतला आणलं. मदिनत सुलतान काबूस या वस्तीतल्या त्याच्या बंगल्यात माझ्या डोक्यावर कुंडी आली. बंगला पाडला, तेव्हा राडारोड्याबरोबर मी वादी कबीरला पोचलो, रत्नागिरीच्या बाबामियाँच्या फरशीच्या कारखान्यात. तो मला जुन्या काळचं उखळ समजायचा. चौकोनी भोकाचं उखळ! माझ्यावर चहाचे कप ठेवायचा.

एकदा त्याची लेक नूरैन आली, मुंबईत आर्किटेक्चर शिकून परतलेली. तिने कप उचलले, पन्हळीतून बोट फिरवलं.

"अब्बा, हा ग्रीक देवळाचा खांब आहे! म्युझियमला कळवूया."

बाबामियाँचा चेहरा उतरला. "गप ऱ्हा बाय. चोरीचा माल निघाला तर? ज्याच्या नावावर कारखाना आहे तो अर्बाब व्हिसा रद्द करील."

"तुम्ही चोरलात का?"

"नाय. पण विचारतील कोणाला? मला, का बंगलेवाल्याला?"

"भिऊन गप्प बसायचं! तुमच्या पिढीला दुसरं येतं काय?"

"येतं ना. पोरांना शिकवायचं, मग त्यांचं ऐकून घ्यायचं."

"उद्या सकाळी मीच जाऊन सांगते," म्हणत ती तरातरा गाडीत बसली.

गाडी वळली तशी बाबामियाँने कारागिराला हाक मारली, "ए उत्तम, यल्ला, करवत चालू कर. फरश्या पाड ह्याच्या."

भूकंपाने मला नुसतं पाडलं होतं. उखळ म्हणून मी खुशाल जगलो असतो. ओळख पटली आणि खलास झालो.

आज मी अल् खुवैरच्या एका फ्लॅटमध्ये न्हाणीघराचा उंबरठा आहे. माझी भावंडं आणखी कुठल्या ओट्यांवर पडलीत, ठाऊक नाही. पन्हळी तासून कचऱ्यात गेल्या. नूरैन बापाशी बोलत नाही म्हणे. त्याचा मला काय उपयोग?

पोरींनो, माझ्यासारखा कुणी ओळखलात, तर भांडून घरी जाऊ नका. तिथेच, त्याला पाठ लावून बसा.