काचेच्या सात पट्ट्या

बुरुजाच्या नदीकडच्या भिंतीवर काचेच्या सात पट्ट्या होत्या. भेग वाढली की तडकाव्यात म्हणून तिच्यावर आडव्या चिकटवलेल्या, प्रत्येकीवर तारीख कोरलेली. पाच तडकल्या होत्या, एक गळून पडली होती, सगळ्यात खालची अख्खी होती. गेल्या ऑक्टोबरात मी भेगेच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या दोन पितळी खुंट्याही होत्या. छत नव्हतं, ते पहिल्यापासूनच नव्हतं. दोनशे वर्षांपूर्वीच्या मालकाला जेवताना घराच्या खिडकीतून पडका किल्ला दिसायला हवा होता, म्हणून त्याने हा बुरूज पडकाच बांधून घेतला.

आता तो खरोखर पडायला आला होता. इस्टेटीच्या विश्वस्तांनी ठरवलं होतं, वर्षात भेग दोन मिलिमीटरपेक्षा जास्त वाढली तर बुरूज उतरवायचा. मोजायचं काम माझ्याकडे होतं, आणि आज शेवटचं मोजमाप होतं.

इस्टेटीचे जुने गवंडी व्हर्नन ऑलसप माझ्या आधीच थर्मास घेऊन येऊन बसले होते. काचा त्यांच्याच.

"आणलंस का तुझं खेळणं?"

"कॅलिपर म्हणतात त्याला, मिस्टर ऑलसप."

"माझ्या काचेला सेल लागत नाही."

"तुमची काच तुटलं एवढंच सांगते. किती, ते नाही सांगत."

"तुटल्यावर किती, हे कुणाला हवं असतं पोरी?"

दोन खुंट्यांमधलं अंतर मोजायला मी वाकले, तेव्हा ते म्हणाले, "थांब जरा. या बाजूच्या दगडांच्या सांध्यातल्या दरजा मी भरल्यात, नऊ वर्षांपूर्वी. राख घातली की चुना पक्का धरतो."

"कोळशाची राख?"

ते कपात बघत राहिले. "मुरिएलची."

मुरिएल म्हणजे त्यांची वारलेली बायको. मी कॅलिपर मिटला.

"रविवारी इथे बसायची. मला मासे कसे मिळत नाहीत ते बघायला. चर्चच्या अंगणात पुरली असती तर ती कुणाला हसणार?"

"कुणाला सांगितलंत?"

"आता तुला. वाटलं होतं, हा बुरूज माझ्या मागे राहील."

मी भिंत नीट पाहिली. भेग दगडच चिरत गेली होती. त्या करड्या दरजा कुठेच फुटल्या नव्हत्या. तसं मी त्यांना सांगितलं.

"ती सोडणारी नव्हतीच," ते म्हणाले. मग कप खाली ठेवला. "तो आकडा तुझ्याशिवाय कुणी बघतं का?"

"नाही."

खालच्या पायवाटेने एक बाई ढकलगाडीत बाळ घेऊन चालली होती. ती भिंतीखालून पुढे जाईपर्यंत ते तिच्याकडे बघत होते.

"वही दे इकडे," ते म्हणाले. "तू सांग, मी लिहितो."

मी कॅलिपर तीनदा लावला आणि सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला आणि गवंड्याच्या चौकोनी अक्षरात लिहिलं: गेल्या वर्षी एकशे पन्नास पूर्णांक दोन. आज एकशे त्रेपन्न पूर्णांक नऊ. वाढ तीन पूर्णांक सात मिलिमीटर.