सोळा आणि एकोणीस नंबरचे पेशंट

योगिनी देवधरने मधुमेही रुग्णांच्या मूत्रपिंडांवर सहा वर्षं घालवली होती. भोपाळच्या त्या संस्थेत नमुने गोळा करण्यापासून सगळं तिनेच केलेलं. हाती तीन याद्या आल्या: जनुकांची, प्रथिनांची आणि रक्तातल्या रसायनांची. पण त्यांचा एकमेकींशी मेळ बसेल तर शपथ.

मग इंदूरहून सव्वीस वर्षांची मधुरा या कामावर रुजू झाली. तिने नावं जुळवत बसण्याऐवजी पेशीतल्या कामांच्या साखळ्यांचा नकाशा उघडला आणि तिन्ही याद्या त्यावर मांडल्या. नावं वेगळी, पण बरीचशी एकाच साखळीवर जाऊन बसली. पंधरा दिवसांचं काम.

"कमाल केलीस पोरी!" विभागप्रमुख अंबरीश सर म्हणाले. योगिनीच्या बाबतीत ते सहा वर्षांत "चालू द्या"च्या पुढे गेले नव्हते. त्या दिवशी पिपलानीतल्या आपल्या क्वार्टरमध्ये तिने पोळ्या करपवल्या आणि वर नवऱ्यावरच खेकसली.

दोन दिवसांनी मधुरा तिच्या टेबलाशी आली. "मॅडम, सोळा आणि एकोणीस नंबरचे पेशंट गडबड करतायत. जनुकं एक सांगतात, प्रथिनं एकदम उल्टं. नमुन्यांच्या लेबलांची अदलाबदल तर नाही ना झाली?"

झाली होती. मार्चमध्येच योगिनीच्या लक्षात आलं होतं. फाईल तेवढी दुरुस्त करायची राहिली होती.

"माझ्या हातून? शक्यच नाही," ती म्हणाली. "तुझ्या नकाशातच बघ काय चुकलंय ते."

विभागाच्या आढावा बैठकीत मधुराने त्या दोन पेशंटना वगळून निष्कर्ष मांडला. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी लगेच टोकलं, "हे दोघे का गाळले? सोयीचे नव्हते म्हणून?"

"लेबलं बरोबर आहेत, सर. माझ्याच पद्धतीत काहीतरी कमी पडतंय."

बोलताना मधुराचे कान लालबुंद झाले होते. हेच तर बघायचं होतं योगिनीला. पण बघवेना.

"लेबलं चुकलीयत," ती उभी राहिली. "मला मार्चपासून माहीत होतं."

"मार्चपासून?" मधुराने एवढंच विचारलं. मग तिथल्या तिथे लेबलं बदलून गणित पुन्हा चालवलं. साखळी आधीपेक्षा ठळक उमटली. तज्ज्ञ खुर्ची पुढे ओढून पाहू लागले, सरही वाकले. योगिनीला कुणी बोललंसुद्धा नाही. तिच्याकडे बघायला सवड होती कुणाला?

शोधनिबंधावर पहिलं नाव मधुराचं लागलं, दुसरं योगिनीचं. तिने मसुद्याला संमती कळवली. मधुराबद्दलची जळजळ मात्र तशीच होती.