गुडनीचा टूथब्रश

मित्रांनो, मी एक जुना टूथब्रश आहे. नॉर्वेतल्या एका रुग्णालयात माझी आणि गुडनीची गाठ पडली. तिला बारीक वस्तू धरता येईना; पुढेमागे स्वतः दात घासता यावेत, म्हणून माझ्या दांड्याला सायकलची रबरी मूठ बसवली होती.

गुडनी छपरावरचा बर्फ काढताना पडली होती. मानेत मज्जारज्जूला इजा झाली. पाय गेले, बोटं गेली, जोरात खोकण्याची ताकदही गेली. परिचारिका तुरिड दिवसातून तीनदा तिला ताठ बसवी, मला हिरड्यांवरून हळू फिरवी आणि फेस नळीने ओढून घेई. "तोंडातली घाण फुप्फुसात उतरली, तर हिला ती खोकून काढता येणार नाही," असं तिने गुडनीच्या नवऱ्याला, हाल्वोरला, बजावलं होतं.

ईस्टरला हाल्वोर तिला चार दिवस डोंगरातल्या आपल्या लाकडी घरी घेऊन गेला. ईस्टरच्या सुट्टीत डोंगरात गेलं नाही, असं तिकडे होत नाही. दोघांनी संत्री खाल्ली, चॉकलेट खाल्लं. घरात नळ नव्हता, बर्फ वितळवून पाणी करावं लागे. हाल्वोर रोज मला बाहेर काढी, तिच्या दमलेल्या चेहऱ्याकडे बघे आणि म्हणे, "झोप आता. सुट्टी आहे."

मी पिशवीत कोरडा राहिलो.

पाचव्या दिवशी रुग्णालयात परतल्यावर तिला ताप भरला. न्यूमोनिया झाला होता. दोन आठवडे ती वाचते की नाही, हे कुणी सांगेना.

"हाल्वोर, सुट्टी तू हिला दिलीस," तुरिड म्हणाली. "जंतूंनी घेतली होती का?"

"मला हिची दया आली गं."

बोलता येऊ लागल्यावर गुडनी म्हणाली, "दया कसली! बर्फ वितळवायचा आळस. आता ती मूठ माझ्या हाताला बांध."

त्याने पट्ट्याने मला बांधलं. दात घासायला तिला बारा मिनिटं लागली. अर्धी पेस्ट हनुवटीवर आली. हाल्वोरने हात पुढे केला.

"मागे घे."

त्याने घेतला.

पुढे ती घरी गेली. माझे केस वाकले, तेव्हा मूठ नव्या ब्रशला मिळाली आणि मी चाकांच्या खुर्चीचा चिखल काढू लागलो. नंतर न्हाणीघरातल्या बादलीत पडून राहिलो.

नऊ वर्षांनी तिचा हातही उचलेना. मग हाल्वोरच तिचे दात घासू लागला. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी असं अंथरुणाला खिळलं, तर त्याचं तोंड रोज स्वच्छ करा. दमलं असेल तर थोडक्यात उरका, पण उरका.

हाल्वोरने तिच्या आयुष्यातल्या शेवटच्या सकाळीही तिला ताठ बसवलं होतं. दात घासले, ओठ पुसले. मग ब्रश धुऊन वाळत ठेवला.