सहावी वही

रेव्हरंड वामनराव स्वतःच्या पायांनी हंसाबाईच्या दारात आले, तेव्हा ती अंगण सारवत होती. तिनं हात धुतले नाहीत. असल्या माणसासाठी पाणी कोण वाया घालवतं?

"सलाम, वहिनी," पाळकसाहेब म्हणाले.

वहिनी! नवरा गेल्यापासून पाच वर्षांत हा शब्द या तोंडातून निघाला नव्हता. हंसाबाईनं पदरही सावरला नाही.

"काम काय ते बोला. मले कापसाच्या जिनात कामाले जायचं हाय."

आता हे वैर कुठून आलं ते आधी सांगितलं पाहिजे. हंसाबाईचा नवरा थोमाजी मास्तर पांढरकवड्याच्या मिशनच्या शाळेत शिकवायचा. भला माणूस, पण एका गोष्टीनं झपाटलेला. इस्लाम पाळण्यात होता तेव्हा आपल्या ख्रिस्ती लोकांनी त्याला काय दिलं, दूध की दगड, हे त्याला शोधायचं होतं. त्यासाठी अरबी यायला हवी. मग काय, शाळा सुटली की मास्तर मशिदीजवळ, अरबी शिकवणाऱ्या हाफिजजींच्या ओट्यावर. दहा वर्षं! मंडळी हसली, नातेवाईक चिडले, पण गडी हटला नाही. पाच वह्या भरल्या. सत्तावन्न साली वामनरावांनी त्या वाचायला म्हणून नेल्या, आणि महिन्याभरात मिशनच्या साहेबांना कळवलं की थोमा मास्तर मशिदीत जातो, तो त्यांच्यातला झालाय. नोकरी गेली. पुढच्या उन्हाळ्यात मास्तर गेला. पाळकसाहेबांनी त्याला दफनभूमीत कुंपणाच्या कडेला, बोरीच्या काट्यात जागा दिली. आणि वर्षभरात पुस्तक छापून आलं: लेखक, रेव्हरंड वामनराव. त्याच पुस्तकावर ते जिल्ह्याचे मुख्य पाळक झाले.

मुकुटबनचा भाऊ म्हणाला, चाल माझ्याकडे. हंसाबाई गेली नाही. वैरी डोळ्यासमोर असलेला बरा. दर रविवारी ती मिशनच्या देवळात बायकांच्या जाजमावर पहिल्या रांगेत बसायची आणि पाळकाच्या तोंडाकडे टक लावून पाहायची. तिच्या नजरेनं त्यांचा एखादा शब्द तरी चुकायचाच. तेवढंच समाधान.

तर असे हे वामनराव आज दारात उभे होते आणि म्हणत होते, "माझं मन मला खातं, वहिनी. ते पुस्तक खरं म्हणजे थोमाचं. मंडळीपुढे तसं सांगावं म्हणतो."

हेच तर हंसाबाईला हवं होतं! पण ती कच्च्या गुरूची चेली नव्हती.

"सांगा ना. प्रभुभोजनाच्या रविवारी, समद्यांपुढे. अन् अर्धंमुर्धं नाई. त्यातलं एकही अक्षर माहं नाई, असं म्हना."

"म्हणेन," वामनराव लगेच म्हणाले.

इतक्या लवकर तर बाजारात कोणी बैलही विकत नाही. पाळकसाहेब गेले तशी हंसाबाई जिनात न जाता थेट त्यांच्या बंगल्याच्या मागच्या दारी गेली. तिथं स्वयंपाक करणारी शकुबाई तांदूळ निवडत होती.

"काय शिजून राह्यलं वं तुमच्या सायबाचं?" हंसाबाईनं विचारलं.

शकुबाईच्या तोंडात तीळ भिजत नसे. "मद्रासहून पत्र आलं माय! थ्या पुस्तकात चुकाच चुका निघाल्या म्हनते. मिशनचे मोठे सायेब लालपिवळे झाले. खुर्ची जाते आता आमच्या सायबाची. मंग काल बायकोले सांगत होता, चुका थोमाच्या होत्या म्हनून मोकळा होतो."

हंसाबाईला सगळा डाव कळला. चोरानं माल खाल्ला आणि आता फोलपटं मेलेल्याच्या अंगावर टाकायला निघाला! नवऱ्याचं नाव परत मिळणार, पण कसं? काळं फासून. आणि तो कबुलीजबाब तिनंच मागून घेतला होता. तिनं स्वतःला दोन शिव्या दिल्या, वामनरावांना दहा, आणि तरातरा हाफिजजींचा ओटा गाठला.

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आत जाऊन कोनाड्यातून कापडात बांधलेली वही आणली.

"ये छठी है, बेटी. मास्तर माझ्यापाशी तपासायला ठेवून गेलता."

हंसाबाईला बायबलपुरतं वाचता यायचं. तिनं वही उघडली. मास्तरचं तेच वळणदार अक्षर. वर लिहिलं होतं: 'माझ्या चुका'. खाली एकेक कलम. 'हबशांच्या ख्रिस्ती राजानं मक्केवाल्यांचे नजराणे घेऊन आश्रयाला आलेले मुसलमान परत दिले, असं मी एका जुन्या पत्रिकेवरून लिहिलं. खोटं आहे. त्यानं नजराणे परत केले, माणसं दिली नाहीत.' 'नजरानच्या ख्रिस्ती लोकांना मदिनेच्या मशिदीतून हाकललं, असं लिहिलं. उलट त्यांना तिथंच प्रार्थना करू दिली.' 'चांद्र वर्षं मी सौर धरली, सगळे सन पुन्हा मांडायचे.' अशी एक्केचाळीस कलमं, प्रत्येकापुढे तारीख आणि साक्षीला हाफिजजींची सही. शेवटच्या पानावर: 'आज पाच वह्या वामनरावांना वाचायला दिल्या. या दुरुस्त्या होईपर्यंत काही छापू नये, असं त्यांना बजावलं. ते बरं म्हणाले.'

हंसाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिथंच आटलं.

"पाच वर्षं काहून गप बसले, हाफिजजी?"

"माझ्या बोलण्याला तुमच्या देवळात काय किंमत? वरून लोक म्हणले असते, पाहा, मास्तर खरंच त्यांचा होता." म्हाताऱ्यानं वहीचं कापड तिच्या हाती दिलं. "तो किताब आमच्याबद्दल झूठ सांगतो, याचं मलेबी दुख आहे. इन्साफ माग, बेटी. बदला नको."

"ज्याचं जळते त्याले कळते, हाफिजजी," ती म्हणाली आणि वही पदराखाली घेऊन निघाली.

रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. भाकर आणि द्राक्षारसाच्या मेजामागे पांढऱ्या झग्यात वामनराव उभे राहिले. आवाज काय मऊ!

"मंडळी, माझ्या नावावरचं पुस्तक थोमा मास्तरांचं आहे. त्यातलं एकही अक्षर माझं नाही. मी विश्वासानं, जसंच्या तसं छापलं. त्यात चुका निघाल्यात. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, पण त्या चुकाही त्यांच्याच."

लोक हळहळले. केवढं मोठं मन, असं कोणीतरी पुटपुटलं. मग भाकर मोडण्याआधीचा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला: कोणाच्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर त्यानं आताच बोलावं, वैर ठेवून ही भाकर खाऊ नये. दर वेळी हा प्रश्न व्हायचा, कोणी खोकायचंसुद्धा नाही, आणि ते पुढे जायचे.

हंसाबाई उठली.

"माह्या मनात हाय. मेजामागं उभ्या असलेल्या भावाविरुद्ध."

ती वाचू लागली. अडखळत, अक्षराला बोट लावून. दहाव्या कलमाला वामनरावांनी घाम पुसला. विसाव्याला ते म्हणाले, "बाई, आता उपासना चालू आहे!" मंडळीचा पंच किसनराव म्हाताऱ्या आवाजात गरजला, "वाचू द्या तिले!" एक्केचाळीस कलमं झाली. शेवटचं पान किसनरावनं स्वतः हातात घेऊन मोठ्यानं वाचलं.

"मला असं काही बजावल्याचं आठवत नाही," वामनराव म्हणाले.

"आठवत नाई? मंग जसंच्या तसं छापलं, हे बरं आठवलं!" हंसाबाई ओरडली. "त्यानं आपल्या चुका आपल्या हातानं लिहून ठेवल्या. तुमी तर त्याचं नाव खाल्लं, नोकरी खाल्ली, अन् आता त्याच्या मढ्यावर चुका फेकता? कुत्रं तरी बरं, थे मालकाच्या दाराशी चोरी नाई करत!"

किसनराव मेजाजवळ गेला.

"साहेब," किसनराव म्हणाला, "भाकरीवरून हात काढा."

वामनरावांनी काढला. झगा उतरवून ठेवला आणि पुरुषांच्या मागच्या रांगेत, दाराजवळ जाऊन बसले. शेजारचा माणूस थोडा सरकला. किसनरावनं भाकर मोडली, प्रार्थना केली आणि ताटली सगळ्यांत आधी हंसाबाईपुढे धरली.

"घे, पोरी. आता मन मोकळं झालं तुहं."

हंसाबाईनं मान वळवून दाराकडे पाहिलं. वामनरावांची मान खाली होती, खांदे हलत होते. रडत होता मेला. तिला वाटलं होतं, हे पाहिलं की पोट भरेल. तिनं स्वतःला पुन्हा विचारून पाहिलं. नाही. अजून रडावा असंच वाटत होतं. उद्याही रडावा, परवाही.

"नाई झालं," ती म्हणाली, आणि ताटली शेजारणीकडे सरकवली.