अडीच की तीन

कडीच्या कापलेल्या कडेवर निळसर झाक होती, लोखंड तापून कापलं जाताना येते तशी, बोट फिरवलं की खरखरणारी, आणि लहूनं ती डोळ्यासमोर धरून तिच्यातून स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर पाहिलं. कडीत शेजारच्या देवदत्तची हिरवळ मावली, हिरवळीवरची त्याची कुत्री मावली, देवदत्त मावला नाही. मग त्यानं मोठी कडी धरली. तीन इंचात देवदत्तसुद्धा आला, हातात पाण्याचा पाइप घेऊन.

दोन्ही कड्या हेक्टरनं दिल्या होत्या. जवळच्या अर्विंग गावात त्याचं सायलेन्सर बसवायचं दुकान आहे. लहूच्या एकोणसत्तर सालच्या मस्टँग गाडीखाली झोपून, बाहेर येऊन, हात पुसून त्यानं दोन वेगवेगळ्या पाइपांचे तुकडे कापले आणि ओट्यावर मीठ-साखर ठेवावी तसे लहूसमोर ठेवले. घरी ने, म्हणाला, शनिवारी सकाळी गाडी घेऊन ये आणि एक आकडा सांग. एकदा वाकवून जोडलं की मी पुन्हा उघडणार नाही.

आज शनिवार होता.

"ती मोठी दे बरं इकडे," जागृती म्हणाली. "पुऱ्या कापायला चांगली आहे."

"लोखंड आहे ते."

"मग तवा काय सोन्याचा आहे?" तिनं कडी घेतली, पाण्याखाली धरली, पुन्हा त्याच्यापुढे ठेवली. "काहून एवढा विचार करून राहिला तू? लग्नाला नव्हता केला एवढा."

तिला काय सांगणार... सांगण्यासारखं सगळं सांगून झालं होतं. इंजिन त्यानं गेली दोन वर्षं सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये उघडून पुन्हा बांधलं होतं, आतली कॅम बदलली, वरची हेड्स बदलली, कार्ब्युरेटर मोठा घातला, आणि एवढा सगळा पहिलवान उभा करून त्याच्या नाकात अजून ते जुनं, बारीक, गंजकं नळकांडं. सर्दी झाल्यासारखी बोलायची गाडी. इंजिनाच्या हिशेबानं उत्तर सरळ होतं. दोन्ही बाजूंना अडीच. अडीचमधून जळका वायू वेगात बाहेर पडतो आणि जाताना पुढच्या खेपेला सोबत ओढून नेतो, गाडी सिग्नलवरून झेप घेते. तीन घातला तर वाट रुंद, मग वायू रेंगाळतो, सुरुवातीची ओढ जाते, आणि मिळतो तो नुसता आवाज. चार गल्ल्यांपलीकडे ऐकू जाणारा. हे लहूला हेक्टरइतकंच ठाऊक होतं. तरी त्यानं विचारलं होतं, तीन घातला तर काय बिघडेल? आणि हेक्टर हसून म्हणाला होता, "इंजिनासाठी हवाय की शेजाऱ्यांसाठी?"

शेजाऱ्यांसाठी. होय, शेजाऱ्यांसाठीच, असं तिथंच तोंडावर सांगायला हवं होतं...

देवदत्त पुण्याचा. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं होतं. हे घर घेतलं त्या वर्षी त्याच्याकडच्या गणपतीत प्लेट हातात देत त्यानं विचारलं होतं, "खिल्लारे... खिल्लारे म्हणजे—" आणि वाक्य तिथंच सोडून दिलं होतं. ही माणसं वाक्य पुरं करत नाहीत. दरवाजा अर्धा उघडा ठेवून उभं राहायचं, समोरच्यानं आत येऊन आपणच आपली जात सांगावी म्हणून. लहूनं सांगितली होती, चांगली मोठ्यानं, हातातल्या मोदकासकट. "वा, वा," देवदत्त म्हणाला होता, "आम्ही काही मानत नाही हं." नाही मानत तर विचारलंस कशाला, भाड्या? पण हे लहू मनात म्हणाला होता, आणि मनातलं बोलणं कितीही शिवराळ असलं तरी त्याला आवाज नसतो.

आणि मस्टँग ट्रेलरवरून उतरली त्या दिवशी त्यानं इंजिन एकदाच चालू केलं होतं, तेव्हा देवदत्त कुंपणापाशी येऊन म्हणाला, "कसली भारी गाडी आहे यार! फक्त आमची ही ना, बिचारी घाबरते हो आवाजाला." कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवत, हसत.

जनावरं बुजतात, वायरमनसाहेब.

गावाकडे आप्पांना, लहूच्या वडिलांना, पाटीलही हसतच म्हणाले होते.

आप्पांची बुलेट पोलिसांच्या लिलावातली. टाकीवरचा सरकारी रंग खरवडून आप्पांनी तिला काळा दिला होता, आणि तो लागला होता जरा जाड, एका ठिकाणी ओघळ तसाच वाळला होता, आणि लहू टाकीवर बसला की त्याचं बोट बरोबर त्या ओघळावर यायचं. खाकी शर्ट, कमरेला पक्कड, पेट्रोलचा आणि घामाचा वास. आप्पा वीज मंडळात. तालुक्याहून येताना सडकेवर बुलेट अशी बोलायची... भुईतून यायचं ते, टाकीतून, मांड्यांतून वर, पोटात, दातांत. लहू तोंड उघडं ठेवून 'आ' करायचा आणि त्याचा 'आ' त्या धडधडीत तुकड्यातुकड्यांनी निघायचा, आणि मागून आप्पांच्या छातीतलं हसू पाठीला लागायचं. त्याहून मोठं सुख लहूला पुढे कुठं मिळालं? पहिल्या नोकरीत नाही, विमानात नाही, ग्रीन कार्डाच्या पाकिटात तर नाहीच.

मग गाव यायचं, आणि वेशीपाशी आप्पा किल्ली फिरवायचे.

वस्ती पलीकडे ओढ्याकाठी, सडक अलीकडे, मधे पाटलांची आळी. आप्पा उतरायचे आणि गाडी ढकलत निघायचे. ज्यांच्या घरातले दिवे आप्पांनी खांबावर चढून लावले होते, त्यांच्या ओट्यांसमोरून. लहू उतरायला लागला की म्हणायचे, "तू बस रे. तू कशाला उतरतो?" म्हणून मी बसायचो. दोन्ही हात हँडलवर, मान ताठ, एखाद्या राजासारखा, ओट्यावरच्या पोरांकडे बघत. मला वाटायचं माझी मिरवणूक चाललीय. एकदा विचारलं, आप्पा, आपण इथं गाडी बंद का करतो? आप्पा म्हणाले, "पेट्रोल वाचतं." आणि मी ते मानलं... इंजिनिअर होईपर्यंत मानलं, एवढं पेट्रोल तेवढ्या वाटेत वाचत नसतं हे कळायच्या वयातही मानलं. आप्पा गेल्यावर आईनं सांगितलं ते जनावरांचं.

ओढ्यापाशी आळी संपली की आप्पा एकच किक मारायचे. लागायचीच. आणि सगळी वस्ती धावत यायची. चौदा एप्रिलला तर आप्पा तिघातिघांना बसवून ओढ्यापर्यंत फेऱ्या मारायचे, निळा गुलाल टाकीवर, हँडलवर, सगळ्यांच्या दातांवर... धडधड, धडधड, आपल्याच वस्तीत, मन मानेल तेवढी.

तो आवाज हवा होता. दुकानात कोणत्या आकड्याला मिळतो तो?

"बाबा! आर वी गोइंग ऑर व्हॉट?" केयानं गॅरेजमधून हाक मारली. सोळा वर्षांची, शिकाऊ परवाना हातात आल्यापासून तिला गाडीशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

लहूनं कड्या खिशात टाकल्या. दोन्ही.

"मोठाच घाल," जागृती पाठीमागून म्हणाली. "मीटिंगमधे म्यूट काढायला विसरतोस तू. गाडी तरी बोलू दे."

केया आधीच स्टिअरिंगमागे बसली होती, खिडकी उघडी, एक कोपर बाहेर. लहू सवयीनं गाडीच्या मागं गेला, गिअर न्यूट्रलला टाकायला सांगितलं, डिकीवर दोन्ही तळहात टेकले आणि पाय रोवून ढकलायला लागला. गाडी ड्राइव्हवेवरून हलकेच उतरली, केयानं चाक वळवलं, रस्त्याला लागली. दर शनिवारी असंच. इथून गल्लीच्या टोकाच्या स्टॉप साइनपर्यंत ढकलायची, तिथं चालू करायची. सकाळची वेळ असते, लोक झोपलेले असतात...

दहा वाजून गेले होते. दोन घरांपलीकडे कुणीतरी पाचोळा उडवायचं यंत्र लावलं होतं, अख्ख्या गल्लीच्या कानात भुंगा सोडल्यासारखं, आणि त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

"बाबा," केया आरशात बघत म्हणाली, "व्हाय डू वी ऑल्वेज पुश इट?"

"इंजिन थंड आहे," लहू म्हणाला. "थंड असताना जरा दमानं घ्यावं लागतं."

"दॅट्स नॉट अ थिंग, बाबा."

नव्हतंच. इंजिन गॅरेजमध्ये जेवढं थंड असतं, ढकलत नेल्यावर स्टॉप साइनपाशीही तेवढंच थंड असतं. ते तिला ठाऊक होतं, त्यानंच शिकवलं होतं. आणि तरी ते वाक्य तोंडातून किती सहज आलं... कुणाच्या तरी दुसऱ्याच्या आवाजात, खाकी शर्टाच्या वासासकट.

गाडी हळू झाली. त्याचे पाय थांबले होते.

"काय लहूजी!" देवदत्तनं हिरवळीवरून हात वर केला. पाण्याची धार त्याच्याच बुटांवर गेली. "बॅटरी गेली का? थांबा, आलोच, दोघं मिळून ढकलू."

तो खरंच यायला निघाला होता. त्याला काही आठवत नव्हतं. कुत्रीचं ते एक वाक्य त्यानं टाकलं आणि त्याच संध्याकाळी विसरला, आणि लहूनं ते उचलून, गाडी चालती झाल्यापासून दर शनिवारी, स्वतःच्या हातांनी गल्लीच्या टोकापर्यंत वाहून नेलं होतं. हो म्हटलं की झालं असतं. बॅटरीच गेलीय. पेट्रोल वाचतं. इंजिन थंड आहे.

डिकीचा पत्रा तळहातांखाली गार होता. इतकी वर्षं त्याला बुलेटची धडधडच आठवत आली होती, ओढ्यापलीकडची. आज पहिल्यांदा त्याला आळीतली बुलेट ऐकू आली — चेनची करकर, खड्यांवरून फिरणारा टायर, आप्पांच्या बुटांचा घासत येणारा आवाज, आणि पाठीमागे, अगदी जवळ, त्यांचा श्वास. तो नेहमीच तिथं होता. खिशातल्या दोन कड्या मांडीला टोचत होत्या.

"केया," तो म्हणाला.

"स्टार्ट इट? हिअर?"

तिचा हात किल्लीवर गेला आणि तिथंच राहिला. देवदत्त नळ बंद करून रस्त्यापर्यंत पोचला होता. केया त्याच्याकडे बघत नव्हती, पुढे रस्त्याकडेही नाही. आरशातून ती नुसती आपल्या बापाचं तोंड न्याहाळत होती. टाकीवर बसून, मान ताठ करून, साऱ्या आळीला बघत गेलेल्या त्या पोरानं मागं वळून तेवढं एक कधीच पाहिलं नव्हतं.