वाढवून सांगितलेलं भाडं

थोरली ड्रायव्हिंग स्कूल चालवायची, धाकटीचं ब्यूटी पार्लर होतं. दोघींनी मिळून, कर्ज काढून, भाड्याने द्यायला दोन फ्लॅट घेतले होते. सुरुवातीची काही वर्षं व्याजदर ठरलेला होता. तोवर भाड्यातून हप्ता सुटायचा आणि बहिणींचं गूळपीठ होतं. ती वर्षं सरली, व्याज चढलं, हप्ता भाड्याच्या वर गेला, आणि दोघींची तोंडं दोन दिशांना झाली.

थोरलीचं म्हणणं, एक विकून टाकू आणि दुसऱ्याचं कर्ज फेडू. धाकटीच्या डोक्यात मात्र तिच्या नवऱ्याने वेगळंच भरवलं होतं: कर्ज दुसऱ्या बँकेत न्यायचं, मुदत लांबवून हप्ता कमी करायचा, वर जास्तीचं कर्ज उचलून तिसरा फ्लॅट घ्यायचा.

"म्हणजे म्हातारपणीही हप्तेच भरायचे," थोरली म्हणाली.

"गाडी शिकवतेस ना, तुझा पाय कायम ब्रेकवरच," धाकटी म्हणाली. नवरा खो खो हसला. बोलण्यापेक्षा ते हसणं थोरलीला जास्त झोंबलं.

तरी नव्या बँकेचा माणूस फ्लॅटची किंमत ठरवायला आला, तेव्हा ती मुद्दाम हजर राहिली. एका फ्लॅटमध्ये नर्स राहायची. रात्रपाळी करून ती नुकतीच परतली होती, डोळे तारवटलेले. त्या माणसाने खोल्या मोजल्या, ओल धरलेल्या कोपऱ्याचा फोटो काढला आणि भाडं विचारलं. धाकटीने बेधडक दीडपट आकडा सांगितला. नर्स बघतच राहिली.

"करार दाखवावा लागेल," तो म्हणाला.

"नवा करतोच आहोत," धाकटी म्हणाली आणि थोरलीचा दंड धरून तिला जिन्यात घेऊन गेली. नवरा मागोमाग आला.

"तोंड उघडू नकोस," धाकटी कुजबुजली. "भाडं जास्त दिसलं तरच किंमत जास्त धरतात."

"खोटं तू बोलणार आणि सही मी करणार?"

"माझं काही चांगलं व्हायला लागलं की तुझ्या पोटात दुखतं! लहानपणापासून."

"आईच्या आजारपणात कोण राबलं, ते काढू का आता?"

"काढ ना! उपकार तर तुझे तोंडपाठच असतात."

खालच्या मजल्यावर कुणीतरी दार उघडून बघितलं आणि बंद केलं. थोरलीचा आवाज एकदम थंड झाला.

"ठीक आहे. तू म्हणतेस तेवढी किंमत आहे ना? मग दोन्ही फ्लॅटमधला माझा हिस्सा त्याच भावाने घे. जास्तीचं कर्ज काढ आणि मला मोकळी कर. त्या कागदावर मी लगेच सही करते."

मेहुण्याचा चेहरा उतरला. "ताई, घरातल्या घरात एवढा भाव लावायचा?"

"बँकेला सांगताना घर आठवलं नाही?"

तो बायकोला डोळ्याने खुणावत राहिला, पण तिला आता काही दिसत नव्हतं. "घेते! तुझं तोंड पुन्हा बघावं लागू नये म्हणून घेते!"

आणि खरंच घेतलं. नवा करार नंतर द्यायच्या बोलीवर बँकेने वाढीव भाड्याचाच भाव धरला. सह्यांच्या वेळी दोघी टेबलाच्या दोन टोकांना बसल्या. पैसे खात्यात आले त्या दिवशी थोरलीला शांत झोप लागली.

मग एका सकाळी नर्स ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आली. धाकटीने तिच्यापुढे नवा करार ठेवला होता, दीडपट भाड्याचा. परवडत नसेल तर घर सोडा, म्हणाली. नर्सने घर सोडलं होतं.

"डिपॉझिटचं विचारलं, तर म्हणाल्या, अर्धं बहिणीकडे आहे, तिकडे जा."

"ते घर आता माझं नाही," थोरली म्हणाली.

"आकडा सांगितला तेव्हा होतं. मला वाटलं, तुम्ही तरी त्या माणसाला खरं सांगाल." नर्सचा आवाज चढला नव्हता. "तुम्ही जिन्यातून परत आलात आणि त्याला म्हणालात, बरोबर आहे."

थोरलीने कपाट उघडून अर्धंच नव्हे, सगळं डिपॉझिट टेबलावर ठेवलं. नर्सने नोटा मोजल्या, थोरलीच्या वाट्याचं अर्धं उचललं आणि बाकीच्या तिच्याकडे सरकवल्या.

"बाकीचं त्यांच्याकडून घेईन मी. तुमचे उपकार नकोत."

ती निघून गेली. बाहेर गाडीत बसलेल्या शिकाऊ बाईने कंटाळून हॉर्न वाजवला. थोरली दारात येऊन तिच्यावरच खेकसली.